मातीचा लेप

माणसं डोंगर पायीच ओलांडायची, तेव्हाची गोष्ट. ओढ्याजवळ मुक्काम पडला. शेवंताकाकूंनी तीन दगडांची चूल मांडली आणि जुन्या टोपाला बाहेरून ओली माती लिंपली.

नवं चकचकीत पातेलं टोपाला हसलं. "काकू, मला नको हं तो चिखल!"

"बरं, राहिलं," काकू म्हणाल्या.

टोप एवढंच म्हणाला, "आपण ओढ्यावर बोलू."

टोपात खिचडी शिजली, पातेल्यात पिठलं. सगळे पोटभर जेवले.

ओढ्यावर टोपाची माती काजळीसकट सुटली. टोप लख्ख झाला. पातेलं मात्र काकूंनी वाळूने घासघासलं, तरी काळंच राहिलं, वर चरे पडले.

पुढच्या मुक्कामाला पातेल्याने आपणहून माती लावून घेतली. ते पाहून नवी कढई खदखदा हसली.

पातेलं शांतपणे म्हणालं, "आपण ओढ्यावर बोलू."