सावरीच्या दोन खुणा

फार पूर्वी एका नदीच्या डोहाकाठी पाणमांजरांची मोठी नावाजलेली शाळा होती. तिथं प्रवेश हवा असेल, तर आधी आपापल्या ओढ्यात तीन परीक्षा द्याव्या लागत: पोहणं, बुडी मारणं आणि मासा पकडणं. प्रत्येक परीक्षेत पास झालं की झाडाच्या सालीवर एक खूण मिळे.

सावरी नावाच्या पोरीच्या सालीवर दोनच खुणा होत्या. रांगेत तिच्या पुढं उभ्या असलेल्या प्रत्येकाकडं तीन होत्या.

"आई, आपण परत जाऊ या ना," ती पुटपुटली.

"विचारल्याशिवाय नाही जायचं," आई म्हणाली.

म्हाताऱ्या गुरुजींनी साल उलटसुलट करून पाहिली. "तिसरी खूण कुठाय गं?"

"नाही मिळाली, गुरुजी. परीक्षेला निघाले आणि वाटेत कोळ्याच्या जाळ्यात अडकले. दातांनी एकेक धागा तोडत बाहेर आले, तोवर परीक्षा संपली होती."

गुरुजींनी साल खाली ठेवली. गेल्या वर्षी त्यांचे दोन हुशार विद्यार्थी अशाच जाळ्यात अडकून बुडाले होते.

"तिसरी परीक्षा महिन्याभरात इथं द्यावी लागेल," ते म्हणाले.

"आणि नापास झाले तर?"

"तर पुन्हा देशील. तोवर इथंच राहायचं."

मग त्यांनी डोहातल्या सगळ्या मुलांना काठावर बोलावलं. "ही सावरी. जाळ्यातून कसं सुटायचं, ते आज हिच्याकडून शिका."