झऱ्याला घातलेला वळसा

फार फार पूर्वी डोंगराच्या अलीकडे एक राज्य होतं आणि पलीकडे एक. डोंगरमाथ्यावरच्या माळावरून दोघांचं तीन पिढ्यांचं हाडवैर. का भांडता म्हणून विचारावं, तर दोघंही आधी आपली मेलेली माणसं मोजायला बसायचे!

शेवटी दोन्ही राजे थकले. ठरलं, की जुन्या रिवाजाने शीव काढायची. दोघांच्या विश्वासातल्या माणसाने डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन चालायचं. त्याची पावलं पडतील ती हद्द. मग दोघांनीही आपापले बुरूज पाडायचे. नाव निघालं अलीकडच्या म्हाताऱ्या नाईकाचं. हा माणूस खोटं बोलत नाही, असं वैरीसुद्धा म्हणायचे.

नाईकापुढे मात्र पेच होता. खरी शीव ओढ्याच्या काठाने जात होती. ओढ्यापलीकडे, झऱ्यापाशी, वीस झोपड्या होत्या. पहाऱ्याला बरं म्हणून त्यानेच त्या वसवल्या होत्या, आणि त्यातल्या एकीत त्याची लेक नांदत होती.

लेक म्हणाली, "आबा, भरला संसार उठवणार का हो आमचा?"

नाईकाने ढेकूळ डोक्यावर घेतलं. ओढ्यापर्यंत तो सरळ चालला. तिथे जरा थबकला, ओढा ओलांडला आणि झऱ्याला वळसा घालून झोपड्यांसकट सगळं अलीकडे घेऊन आला. अलीकडच्यांनी एकच जल्लोष केला.

झऱ्यावर गुरं पाजणारे पलीकडचे गुराखी मुकाट उठले. त्यांनी शेवटचे हंडे भरले, गुरं वळवली आणि शब्द दिल्याप्रमाणे बुरूज पाडायला घेतला. नाईकाला ते बघवेना. त्यांच्यातल्या एका म्हातारीला तो म्हणाला, "बाई, शीव चुकली."

"चुकली कसली? तुम्ही चुकवलीत," म्हातारी म्हणाली. "आम्ही इथलेच, आम्हाला शीव ठाऊक नाही होय? तीन मुलगे या माळावर गेले माझे. चौथा तरी राहावा म्हणून गप्प बसले. घ्या झरा!"

नाईकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने पुन्हा ढेकूळ डोक्यावर घेतलं आणि सगळ्यांदेखत ओढ्याच्या काठाने खरी शीव चालला. आपल्याच माणसांनी त्याला शिव्या घातल्या. लेकीने चूल मोडली, भांडीकुंडी उचलली आणि बापाकडे न बघता निघून गेली.

झरा ज्यांचा त्यांना मिळाला. पण गुराख्यांनी पाडलेले दगड उचलून बुरूज पुन्हा रचायला घेतला.

"आता तर खरा चाललो ना, बाई?" नाईक कळवळून म्हणाला.

"चाललात हो," म्हातारी म्हणाली, "पण आता तुमच्या दोन्ही चाली आम्ही पाहिल्यात."

तात्पर्य एवढंच: शेजाऱ्याचा विश्वास हीच शिवेची खरी राखण, तो एकदा मोडला, की जमीन परत देऊनही लगेच परत मिळत नाही.