शाळेच्या दारातला दगड

चिंचखोप्याची शाळा बांधून तयार होती, कौलं चढली होती, मास्तरही येऊन बसला होता. पण दाराचं कुलूप काही निघेना. कारण काय, तर दारावर बसवायच्या दगडात पहिलं नाव कुणाचं घालायचं!

महाराजांनी मोठ्या हौसेनं हुकूम काढला होता, की गावची शाळा गावातल्याच पाच जणांनी चालवावी. झालं, शाळामंडळ बसलं. या पाचांची स्वतःची पोरं शिकायला होती राजधानीत, कुणाचं मामाकडे, कुणाचं मावशीकडे. पण मंडळ म्हटलं की मान आला, आणि मान आला की रुसवे-फुगवे आलेच. पाटील म्हणत, गाव माझं, तेव्हा नावही माझं आधी. शेटजी म्हणत, कौलं कुणी दिली? कुलकर्णी म्हणत, या गावात अक्षर आलं तेच आमच्या घरातून. वैद्यबुवा म्हणत, तुम्ही अजून भांडताय ती माझ्या काढ्याची कृपा. जोशीबुवांनी तर मुहूर्तच अडवून धरला. बैठकीमागून बैठक झाली, पानसुपारीची तबकं रिकामी झाली. पण फळा कुठून आणायचा, पोरांना प्यायला पाणी कुठलं, याचा शब्द कुणी काढला असेल तर शपथ. मास्तर बिचारा ओसरीवर माश्या मारत बसायचा.

शेवटी तक्रार दरबारात गेली. महाराज मुळातच हट्टी, त्यात हे ऐकून त्यांचं डोकंच फिरलं. शाळेची किल्ली त्यांनी मागून घेतली आणि कमरेला खोचली.

"पाचही नावं एकाच दगडावर घाला," ते म्हणाले. "पण कुणाचं पहिलं नको, कुणाचं शेवटचं नको. कुणाचं वर नको, कुणाचं खाली नको. दसऱ्याला मी येतो. जमलं तर शाळा, नाही जमलं तर तिथं माझे घोडे बांधीन!"

आता मंडळाच्या बैठका झाल्या की पानाच्या पिंका धुवायला एक बाई यायची, गोजरा. नवरा वारलेला, पदरात एकच पोर, कोंडू. थोरल्या दिरानं तिला बजावून ठेवलं होतं, दसऱ्याला शाळा उघडली तर पोरगी जाऊ दे शाळेत. नाही उघडली तर दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या म्हशींमागे. कोंडू रोज मास्तरापुढे जाऊन बसे आणि धुळीत बोटानं ग म भ न गिरवी. दर बैठकीला गोजरा खिडकीखाली बादली घेऊन बसे आणि मनात म्हणे, मेल्यांनो, आता तरी एक व्हा.

एक कसले होतात! आडवी ओळ घातली तर पहिलं-शेवटचं आलं, उभी घातली तर वर-खाली आलं. मग कुलकर्ण्यांनी नामी युक्ती काढली, नावं गोलात लिहू. सगळे खूश. कोळशानं नावं लिहिली, चार गड्यांनी दगड दारावर धरला, आणि शेटजींची मान तिरकी झाली. गोलात पाटील वर बसलेले, आणि शेटजी तळाला उलटे, वटवाघळासारखे. दगड फिरवला, तर पाटील उलटे. मग पाटील रागावले. गडी दमले, दगड अंगणात आडवा पडला, आणि तसाच पडून राहिला.

दसरा उजाडला. महाराज आले. घोडेही आणले होते, घोड्यांचे हरभरेही आणले होते. मंडळ माना खाली घालून उभं राहिलं. महाराजांनी घोडे पुढे घ्यायला सांगितलं, तशी गोजरा पदर सावरत घोड्यांना आडवी आली. पाटलांनी डोळे वटारले, पण तिनं तिकडं पाहिलंच नाही.

"सरकार, दगड वर चढवायचा कशाला? उंबऱ्यापुढं पायरी म्हणून घाला की. नावं गोलात हायेत, म्हणजे पहिलं नाही, शेवटचं नाही. दगड जमिनीवर निजला, म्हणजे वर नाही, खाली नाही."

महाराजांनी दगडाभोवती एक फेरी मारली. मग उलटी फेरी मारली. अट कुठेच मोडत नव्हती.

पाटलांच्या मात्र आता डोक्यात प्रकाश पडला. "पायरी? म्हणजे गावची पोरं आमच्या नावावर पाय देणार?"

"पाटील, देवळाच्या पायरीवर तुमच्या आजोबांनी हौसेनं नाव कोरून घेतलं, भक्तांची पायधूळ लागावी म्हणून," गोजरा म्हणाली. "तिथं ते पुण्य, मग इथं काय झालं?"

तेवढ्यात कोंडू शेणानं भरलेल्या पायांनी आईपाशी येऊन उभी राहिली. शेटजींनी ते पाय पाहिले आणि त्यांना एकाएकी नम्रता सुचली. माझं नाव राहू द्या म्हणाले, मान पाटलांचा. पाटील म्हणाले, छे छे, कुलकर्ण्यांचा. कुलकर्ण्यांनी वैद्यबुवांना पुढे केलं, वैद्यबुवांनी जोशीबुवांना, आणि जोशीबुवांना तर नावातच दोष दिसायला लागला.

"मग दगडावर एकही नाव नको, मंजूर?" महाराजांनी विचारलं.

"मंजूर!" पाचही जण एका सुरात म्हणाले. मंडळ स्थापन झाल्यापासून एकमतानं झालेला हा पहिला ठराव.

महाराज पोट धरून हसले. गोजरानं बादलीतलं फडकं पिळलं आणि पाचही नावं पुसून टाकली.

"आजपासून मंडळात सहावी तू," महाराज डोळे पुशीत म्हणाले. "पण नाव कोरायचं तर पायरीवरच. आहे तयारी?"

"कोरा सरकार," गोजरा म्हणाली. "आणि त्याच्यावर पहिला पाय माझ्या कोंडूचा पडू द्या. तसाच, न धुता."

महाराजांना पुन्हा हसू फुटलं. त्यांनी कमरेची किल्ली काढून गोजराच्या हातावर ठेवली आणि तोबऱ्यातले हरभरे पोरांना वाटून टाकले. घोडे तेवढे उपाशी परत गेले.