जळलेले कुरण

पूर्वी सोमपुरात वीरसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने नगराच्या उत्तरेकडील अरण्यात सिंहाचा जन्म घेतला होता. त्याची सिंहीण पिंगला मोठ्या मानी स्वभावाची होती. तिच्या कुळात पिढ्यानपिढ्या कोणी त्या अरण्याबाहेर पाऊल टाकले नव्हते. नवरा गर्जना करू लागला की अख्खे रान चिडीचूप होते, याचा तिला फार अभिमान होता.

एका उन्हाळ्यात राजाच्या शिकाऱ्यांनी जनावरे उठवण्यासाठी रान पेटवले. वारा फिरला आणि वणवा सगळ्या कुरणांवरून गेला. नदीकाठच्या एका पट्ट्यात तेवढे गवत उरले. वाचलेली हरणे तिथे गोळा झाली. त्यांचे पाय भाजले होते, बरगड्या दिसत होत्या, पळण्याचे त्राण नव्हते.

चतुराक्ष नावाचा कोल्हा सिंहांच्या उष्ट्यावर जगत असे. तो धावत आला आणि सांगू लागला, की असा योग पुन्हा येणार नाही. नुसते चालत जावे आणि हवे तितके खावे. पिंगलेलाही ते पटले. तिची दोन्ही पिल्ले भुकेली होती.

बोधिसत्त्व नदीकाठी गेला. गवत किती उरले, हरणांच्या माद्या किती उरल्या, हे बराच वेळ पाहून तो परतला आणि म्हणाला, की कुरणे पुन्हा भरेपर्यंत आपण पलीकडच्या खडकाळ डोंगरात जायचे.

पिंगलेला आधी वाटले, आपल्या ऐकण्यात चूक झाली. मग तिला राग आला. "स्वामी, हरणांसाठी सिंहांनी रान सोडायचे? माझ्या आईला हे कळते तर तिने माझे तोंड पाहिले नसते."

"भद्रे, सूर्याचे तेज आपल्याला खाता येत नाही," बोधिसत्त्व शांतपणे म्हणाला. "ते गवतालाच साधते. गवतातले बळ हरणात येते. पण त्यातले बहुतेक धावण्यात, श्वास घेण्यात, अंगाची ऊब राखण्यात खर्ची पडते. उरलेला लहानसा वाटा आपला. म्हणून एका सिंहाला कळप लागतो आणि कळपाला कुरणेच्या कुरणे. आज ती नाहीत. उरलेली हरणे आपण संपवली, तर कळप पुन्हा उभा राहायचा नाही. माझ्या गर्जनेतले बळसुद्धा मुळात गवताचेच आहे."

ज्याला स्वतःचे पोट भरता येत नाही तो कसला राजा, असे म्हणून कोल्हा हसला. पिंगलेने गुरकावून त्याला गप्प केले. नवऱ्याचे म्हणणे तिला पटले नव्हते. पण कोल्ह्याने त्याची टवाळी करावी, हेही तिला सहन होण्याजोगे नव्हते. ती पिल्लांना घेऊन निघाली.

डोंगरात दिवस वाईट गेले. कधी साळिंदर, कधी घोरपड, बहुधा ओढ्यातले खेकडे. बोधिसत्त्व आधी पिल्लांना देई, मग तिला. स्वतः उपाशी राही. तरीही धाकटे पिल्लू वाचले नाही. बोधिसत्त्व त्याच्याशेजारी बसून राहिला, आणि पिंगला एकटीच डोंगर उतरून नदीकाठी गेली.

गवतात एक हरिणी नुकतीच व्याली होती. पाडस उभे राहू पाहत होते आणि पडत होते. एका झेपेचे अंतर होते. पिंगला तिथे पुष्कळ वेळ दबून बसली. अखेर ती तशीच मागे फिरली. मारायला लागते त्याहून मोठे बळ तिला त्या दिवशी लागले, आणि ते आपल्यात आहे हे तिला कळले.

पावसाळे आले नि गेले. कुरणे भरली, कळप वाढले. सिंहांचे कुटुंब परतले तेव्हा त्यांना पाहताच हरणे वाऱ्यासारखी उधळली. पिंगला एका तरुण काळविटामागे धावली. तो सहज निसटला. तिला त्यात अपमान वाटला नाही. धापा टाकत ती त्याच्या उड्यांकडे अशा कौतुकाने पाहत राहिली, जणू त्याला तिनेच वाढवले होते.

दुष्काळातले एक गाव आपल्या घरातले शेवटचे धान्य भिक्षापात्रात घालू लागले, तेव्हा भिक्षुसंघाने ते गाव सोडले. त्या वाटेवर शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, ही कथा सांगितली. आपण पळून चाललो, अशी लाज भिक्षुणी सुव्रतेला वाटत होती. शास्ता म्हणाला, "तेव्हाची पिंगला ही सुव्रता. कोल्हा म्हणजे मागून कुरकुरत येणारा भिक्षू उपनील. सिंह मी होतो. हातातोंडाशी आलेले सोडून निघण्याच्या पराक्रमाला नैष्क्रम्य म्हणतात."