आवळलेला नळ

“नळ कोणी बंद केला?”

अंबूमाईंनी सहज विचारलं, आणि काळेल गुरुजींनी घोंगडं अंगाभोवती घट्ट ओढलं.

स्वयंपाकघरात दोघंच होती. दाराबाहेर गुडघाभर बर्फ पडलेलं. नळाला पाणी नाही म्हणून माईंनी त्यातलंच पातेलंभर बर्फ चुलीवर वितळत ठेवलं होतं.

“झोपताना मी नळ ठिबकता ठेवला होता,” माई म्हणाल्या. “फार नाही. थेंब थेंब.”

गुरुजींनी वाकून नळाच्या तोंडात पाहिलं.

“थंडीनं झालं असेल,” शेवटी ते म्हणाले. “थंडीत धातू आकसतो, माई. आटे आकसले, की नळ आपोआप आवळला जाऊ शकतो.”

अठ्ठावीस वर्षं सातवीला विज्ञान शिकवलेला हा माणूस. असलं उत्तर एखाद्या पोरानं पेपरात लिहिलं असतं, तर गुरुजींनी त्याला तास संपेपर्यंत बाकावर उभं केलं असतं.

“असेल,” माई म्हणाल्या. “तुम्ही शिकलेले.”

काळेल गुरुजी मूळचे दुष्काळी माणदेशातले. निवृत्त झाले, बायको आधीच गेली होती, म्हणून उन्हाळ्यात हिमालयात आले आणि अंबूमाईंच्या कुटीत टेकले. माईंनी दीक्षा वगैरे काही दिली नव्हती. नाव लहू असलं तरी त्या त्यांना गुरुजीच म्हणायच्या, आणि शिष्य व्हायला आलेल्या माणसाला ते रोज थोडं लागायचं.

हिवाळाभर इथं राहू का, असं त्यांनी माईंना दिवाळीपासून तीनदा विचारलं होतं. शेवटची जीप येईल तेव्हा सांगते, एवढंच उत्तर मिळालं होतं. शेवटची जीप उद्या दुपारी येणार होती. त्यानंतर चैत्रापर्यंत रस्ता बंद.

आणि आज नळ गोठला होता.

पाइप फुटला, तर तो दुरुस्त करणारं माणूस चैत्राआधी वर येणार नव्हतं. नळाचं पाणी झऱ्याचं, आणि झरा कड्यावर. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माईंना बर्फातून घागर आणणं जमणार नव्हतं. चाळीस हिवाळ्यांत त्या एकदाही खाली उतरल्या नव्हत्या, यंदा त्यांना उतरावं लागलं असतं. गुरुजींना हे सगळं कळत होतं. खाई त्याला खवखवे.

“पण मी पाइपाला पोती गुंडाळली होती,” ते घाईघाईनं म्हणाले. “चांगली तिहेरी. वर गवत, वर सुतळी.”

“गुंडाळणी सुरेख आहे. पण पोत्याला स्वतःची ऊब कुठून येणार?”

गुरुजी एकदम उठले.

चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि पाइप भिंतीतून आत येतो तिथं लावायला धावले.

“थांबा. आधी तोंड उघडा.”

गुरुजी दचकले. “कुणाचं?”

“नळाचं. आणखी कुणाचं?”

गुरुजींच्या हातातलं लाकूड खाली आलं.

“मधेच तापवलंत, तर वितळलेलं पाणी जाईल कुठून? लोखंड फाडूनच जाईल ना. आधी नळ उघडा. मग नळाकडून भिंतीकडे ऊब देत जा. लाकूड नको, फडकी घ्या.”

गुरुजींनी लाकूड परत चुलीत सारलं आणि नळाला हात घातला. नळ हलेना. दोन्ही हात लावले, दात आवळले, कपाळावर घाम आला, त्या थंडीत. नळ जागचा हलेना.

माई बघत होत्या.

“थंडीच्या हातात बळ फार दिसतंय,” त्या म्हणाल्या.

गुरुजींचे कान तापले. धोतराचा सोगा नळाला गुंडाळून त्यांनी सगळा जोर लावला, तेव्हा कुठं तो कुरकुरत फिरला. थेंबही आला नाही.

पातेल्यातल्या पाण्यात फडकी बुडवायची, पिळायची, नळाच्या मानेवर ठेवायची. निवली की पुन्हा बुडवायची. मग चार बोटं पुढं. पुन्हा चार बोटं पुढं. गुरुजींची बोटं लाल झाली. माई चुलीत लाकडं सारत होत्या.

पाइपात कुठं तरी कट् असा आवाज झाला.

फुटला का? गुरुजींनी पाइपावरून बोट फिरवलं, दिवा धरून खालून पाहिलं, कान लावला. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, हे त्यांनी पोरांना वाक्यात उपयोग करून अनेकदा सांगितलं होतं. आज स्वतःला कळत होतं.

“माई, फुटला असेल तर?”

“तर मी उद्याच्या जीपनं उतरेन.”

माईंनी हे भाजीत मीठ घातल्याचं सांगावं तसं सांगितलं. गुरुजींना मात्र रडू कोसळेल असं वाटलं.

पुन्हा फडकं. पुन्हा चार बोटं...

नळ घसा खाकरल्यासारखा वाजला. बर्फाची एक कांडी मोरीत पडली. मागून तांबूस पाणी आलं, मग स्वच्छ आलं, मग चांगली मनगटाएवढी धार लागली. गुरुजींनी पाइप तीनदा तपासला. कुठं चीर नव्हती. मग भिंतीला पाठ टेकून ते खाली बसले.

“वाचलं,” माई म्हणाल्या.

त्यांनी नळ बारीक केला, ठिबकेल एवढा. मग चहाचं आधण ठेवलं आणि पाठमोऱ्याच बोलल्या.

“उद्या जीपवाल्याला सांगेन. गुरुजी उतरणार नाहीत म्हणून.”

सहा महिने जे ऐकायला कान आसुसले होते, ते हे वाक्य. गुरुजींनी हात जोडायला हवे होते. पण हात वर येईनात. नळ मोरीत ठिबकत होता आणि ते त्याच्याकडे बघत होते...

“माई.”

“हं.”

“नळ म्या आवळला.”

माईंनी आधणात गूळ टाकला.

“थंडीनं न्हाई, काय न्हाई. म्याच उठलो आन् आवळला. वाहतं पाणी लवकर गोठत न्हाई, ह्ये मला काय ठाऊक नव्हतं? पोरांना म्याच शिकवलंय. पर त्ये ठिबकणं ऐकवंना, माई. आमची आय एका घागरीसाठी दोन कोस चालायची. साळंत नळ उघडा ठेवला म्हणून म्या पोरांचे कान उपटलेत, त्यापायी मला पाणी वाचवल्याचं बक्षीस मिळालंय. हिथं आडवा झालो, आन् थेंब पडायला लागला... एक पडला की दुसऱ्याची वाट बघायची. कूस बदलली, कानावर घोंगडं घेतलं. श्येवटी उठलो, दोन्ही हातांनी आवळला, आन् मगच डोळा लागला. असा गाढ झोपलो, माई, की तुम्ही उठवल्यावर जागा झालो.”

बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसायचं त्यांना सुचलं नाही.

“आन् वर तुम्हांला आकसल्याल्या धातूचं सांगितलं. तुमचे चाळीस हिवाळे म्या घालवले असते.”

माईंनी चहा गाळला. एक पेला त्यांच्यापुढं ठेवला, एक स्वतः घेतला.

नळ ठिबकत होता.

“मग... उद्याच्या जीपनं मी जाऊ ना?” गुरुजींनी विचारलं. आवाज पुन्हा शाळेतल्यासारखा नीट करायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो झाला नाही.

माईंनी पेला खाली ठेवला. उठल्या. कोपऱ्यातली गुरुजींची वळकटी उचलली, मोरीच्या कडेला आणून टाकली.

“अंथरूण आज इथं नळापाशी घाल, लहू,” त्या म्हणाल्या. “झोप लागली तर राहा.”