हरबाचं बुडणं

"मग बुडवला का न्हाईस त्याला?" दौलूआबांनी विचारलं.

"हात वळला नाही," जयसिंग म्हणाला.

आबा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारे. वय ऐंशीच्या घरात, त्यामुळे दोऱ्या आता शिष्याच्या हातात होत्या. जयसिंग शिकलेला. जुन्या आख्यानांनी त्याचं मन भरेना म्हणून त्यानं स्वतःचं एक रचलं होतं, हरबा नावाच्या मेंढपाळाच्या पोराचं. चुकलेलं कोकरू आणायला हरबा पुराच्या पाण्यात उतरतो आणि बुडतो. त्याला आईच्या मांडीवर आणून ठेवतात, तिथं आख्यान संपतं.

अकरा गावांत लोक ढसाढसा रडले होते. बाराव्या गावात, काल दुपारी, हरबा पाण्यातून चालत बाहेर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"तुम्ही दुसऱ्यांनी रचलेलं लावत आलात, आबा. तुम्हाला नाही कळायचं," जयसिंग मान ताठ करून म्हणाला. "हरबाला नाव मी दिलं. बोलायला मी शिकवलं. अकरा वेळा मारला त्याला. माझी झोप उडाली. आता तो जगेल."

खरं सांगायचं तर त्याची कीव येते. रचणाऱ्याचा जीव असा अडकतोच. वाईट एवढंच, की अडकला की त्याला त्याची ऐटही वाटायला लागते.

आबांनी हरबाला उचलून झोळीत ठेवलं.

"काल म्होरं एक बाई बसली व्हती. हिरवं लुगडं. बघितलीस?"

"नाही. मी हरबाकडे बघत होतो."

आबांनी मग सगळं सांगितलं. त्या भागात एक रीत आहे. घरातलं पोर गेलं आणि आईच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही, तर घरचे नारळ घेऊन खेळवाल्याकडं येतात आणि मरणाचं आख्यान मागतात. हिरव्या लुगड्यातल्या त्या आनसाबाईचा भाऊ केरबा असाच आला होता. तिचा नऊ वर्षांचा सदा पाच महिन्यांपूर्वी गावाबाहेरच्या दगडखाणीत बुडाला. तिनं त्याला शेवटची आंघोळ घातली, पण ती रडली नाही. तेव्हापासून तिनं त्याचं नावही तोंडातून काढलं नव्हतं. केरबानं हरबाचं आख्यान मागितलं होतं ते तिच्यासाठी.

जयसिंगचा चेहरा उतरला. "तुम्ही मला आधी सांगायचं होतं."

"सांगितलं व्हतं. तू हरबाचा सदरा शिवत व्हतास."

"आता कशी आहे ती?"

"चल," आबा म्हणाले.

खाणीच्या काठावर ऊन रणरणत होतं. आनसाबाई पाण्याशी बसली होती. मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी. केरबा मागं उभा राहून तिचा पदर मुठीत धरून होता. कालचा खेळ संपल्यापासून ती इथंच आहे, असं तो म्हणाला.

जयसिंगला बघून ती हसली. घरचा माणूस आल्यासारखी हसली.

"तुमचा हरबा किती येळ व्हता वं पाण्यात?" तिनं विचारलं.

तिनं मांडीवरचं फडकं सारखं केलं.

"आमच्याला पाच म्हैनं झालं. येईल न्हवं?"

केरबानं तोंड फिरवलं. आबांनी झोळीतून हरबाला काढलं आणि जयसिंगपुढं धरलं.

जयसिंग मागं सरला. आपण तिला समजावून सांगू, चार शब्दांत सांगू, असं काहीबाही तो बोलत राहिला.

"पाच म्हैनं समदा गाव सांगतुया," आबा म्हणाले.

त्यानं हरबाला हातात घेतलं. काठावर उकिडवा बसला आणि दोऱ्या सैल सोडत त्याला पाण्यात उतरवलं.

हरबा बुडेना. हलकं लाकूड ते, बुडेल कसं? तो उताणा तरंगत राहिला. डोळे उघडे होते, अंगात नवा सदरा होता.

"बघा, वर आला," आनसाबाई म्हणाली. तिनं फडक्याची गाठ सोडायला घेतली.

जयसिंगनं आबांकडं पाहिलं. आबा पाण्याकडं बघत होते.

शेवटी त्यानं दोऱ्या टाकून दिल्या. कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, हरबाच्या छातीवर तळवा ठेवला आणि दाबला. सदऱ्यातून बुडबुडे आले. थोड्या वेळानं तेही थांबले. तो दाबूनच राहिला.

आनसाबाईचं हसू गेलं. ती गुडघ्यांवर सरकत पुढं आली. पाण्याखालचं ते तोंड तिला दिसत होतं.

"काढा की," ती हळूच म्हणाली. "काढा की वर..."

कोणीच हललं नाही. तिची भाकरी मातीत पडली. तिनं पाण्याकडं हात केला, पण तो मध्येच थांबला.

"सदा..." ती म्हणाली.

ते ऐकलं आणि जयसिंगचा बांध फुटला. तो मोठ्यानं हुंदके देऊ लागला, आणि हरबावरचा त्याचा हात सुटायला लागला.

आबांनी वाकून त्याचं मनगट पाण्यातच घट्ट धरलं.

"तू नगं रडू," ते म्हणाले. "त्ये तिचं हाय."