तिघी बहिणींची खुशाली

एकदा काय झालं, शुक्रवार होता. सकाळचे बरोबर सव्वासहा वाजले होते, आणि भागीरथीनं लेकीला कडेवर घेऊन उंबऱ्याबाहेर पाय टाकला. लेकीचं नाव ठकी. पाचवं वर्ष लागलं तरी ठकी बोलत नव्हती. आई म्हणायची नाही, पाणी मागायची नाही. नुसती टकामका बघायची.

सासू दारातून म्हणाली, "तुझीच काळजी दिवसभर बोलत असते, पोरीनं बोलायचं कधी? जा, तिघी बहिणींची ओटी भरून ये. पण नेमानं, हो. ओटीतले तांदूळ सांडले तर यात्रा फुकट."

या तिघी बहिणी म्हणजे देवी, बरं का. थोरली डोंगरावर, मधली रानात, धाकटी नदीपलीकडं. बापानं त्यांना तिथं बसवलं आणि सांगितलं, लोकांना सांभाळा, जागेवरून उठू नका. तेव्हापासून त्या एकमेकींना भेटल्या नाहीत. म्हणून नेम असा, की थोरलीच्या ओटीतले चार तांदूळ पदरात बांधून मधलीला न्यायचे, आणि दोघींचे मिळून धाकटीला.

मग भागीरथी डोंगर चढली. थोरलीपुढं खण-नारळ ठेवला, तांदूळ उचलले, पदराला गाठ मारली आणि निघाली. मग रानात मधलीकडं गेली. तिथली पुजारीण म्हणाली, "अगं, घटकाभर टेक. देवीचं तोंड तरी बघ."

"नको मावशी, गाठ सुटायची."

मग आली नदी. मधोमध तिचा पाय सरकला. एका हातात पदर, दुसऱ्या हातावर ठकी. तिनं पदर सोडला आणि दोन्ही हातांनी लेकीला धरलं. गाठ सुटली. तांदूळ वाहून गेले.

ओल्या लुगड्यानं ती धाकटीच्या पायरीवर जाऊन पडली. "आई, माझा नेम मोडला. आता माझी लेक कधीच बोलायची नाही."

गाभाऱ्यातून आवाज आला, अगदी हळू. "रडायचं ते मागाहून रड. आधी सांग, माझी थोरली कशी आहे?"

भागीरथीनं उठून ठकीला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "मी मान वरच केली नाही गं. पदराकडंच बघत होते."

"सगळ्या तसंच करतात," देवी म्हणाली. "तांदूळ येतात. खुशाली कुणी आणत नाही."

आणि मग, ऐका हं, आईच्या मांडीवरून ठकी म्हणाली, "थोरल्या मावशीच्या कपाळाला चीर पडलीय. दुखत नाही पण. मधलीच्या खांद्यावर सरडा बसतो. ती त्याला हाकलत नाही."

भागीरथीनं तोंडावर हात धरला. देवीच्या दगडी गालांवरून पाणी ओघळलं. "लहानपणापासून तशीच आहे मधली," ती म्हणाली. "आणखी सांग, बाळ."

ठकी सांगत राहिली. ऊन कललं तरी सांगत राहिली. भागीरथी नुसती ऐकत बसली, तिनं घाई केली नाही.

मग मायलेकी घरी आल्या, आणि त्या घरात कधी बोलण्याला तोटा पडला नाही. मिटा आता डोळे. आणि तिघी बहिणींच्या वाटेला लागलेलं कुणी कधी भेटलं, तर त्यांना एवढं सांगा बाळांनो: तांदूळ सांडले तर सांडू देत, पण मान वर करून बघा, आणि धाकटीला तिच्या बहिणींची खुशाली सांगा. ती वाट बघते.